बदनापूरची विहीर आणि बनियनचा उजेड

मेहुण्याचा फोन आला, "अप्पांच्या विहिरीला गारगोट्या लागल्यात. यायचं तर लवकर या, मलबा बांधावर पसरायलेत." अमावास्या दोन दिवसांवर होती. काही खनिजं अतिनील (अल्ट्राव्हायोलेट) दिव्याखाली रंगीत चमकतात; चांदणं नसलं की त्या दिव्याचं काम चोख होतं, म्हणून तोच दिवस धरला आणि संभाजीनगरहून दुपारच्या एसटीने बदनापूर गाठलं.

आपला काळा पाषाण म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. थिजताना त्यात वायूचे फुगे अडकले, पोकळ्या राहिल्या आणि झिरपत्या पाण्याने त्या कॅल्सेडनी, कॅल्साइट, स्टिल्बाइट, मेसोलाइट अशा खनिजांनी भरत आणल्या. पाण्यासाठी आपण जितके खोल जातो तितक्या त्या उघड्या पडतात. म्हणून नव्या विहिरीचा मलबा आणि खदान या दोनच जागा बघाव्यात, त्याही मालकाला विचारून. अजिंठा-वेरूळच्या लेण्यांचा परिसर संरक्षित आहे, तिथला खडासुद्धा उचलू नका.

उजेड असेतो दगड नुसते बाजूला काढून ठेवले. अंधार पडल्यावर दिवा लावला. दिव्यांबद्दल सांगायचं तर ३९५ नॅनोमीटर तरंगलांबीची स्वस्त बॅटरी घेऊ नका, तिच्याच जांभळ्या उजेडात सगळं बुडून जातं. ३६५ची, पुढे काळी फिल्टर काच असलेली घ्या. मलब्यातल्या कॅल्साइटने तिच्याखाली फिकट गुलाबी रंग धरला. कॅल्सेडनी मात्र गप्प होती. २५४चा दिवा धरल्यावर तिचे द्राक्षाच्या घडासारखे फुगे हिरवेगार पेटले. ही युरेनियमच्या अगदी सूक्ष्म अंशाची करामत. हा दिवा डोळ्यांना आणि कातडीला वाईट, त्यामुळे पॉलिकार्बोनेटचा चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच.

"आन् ते काय चमकायलंय?" अप्पांनी बोट दाखवलं. हातभर अंतरावर निळसर-हिरवी इंगळी नांगी वर करून बसली होती. विंचू या दिव्याखाली चमकतातच. ज्या दगडाखाली हात घालायचा तिथे आधी दिवा फिरवायचा, हा नियम मी त्या रात्री केला.

खरा ऐवज उठण्याआधी सापडला. अंगठा मावेल एवढी पोकळी, आत मेसोलाइटच्या पांढऱ्या सुया, केसाहून बारीक, जोरात फुंकर मारली तरी टोकं मोडतील अशा. आणि मी शहाण्याने काय केलं, तर पिशवीतल्या जुन्या धुतलेल्या बनियनमध्ये तो दगड गुंडाळला.

घरी दिवा लावला तर सुयांवर निळा उजेड! दोन मित्रांना फोटोही पाठवले. मग भिंगातून पाहिलं. उजळत होते ते बनियनचे धागे. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत जे रसायन असतं, ते या दिव्याखाली निळं चमकतं. चिमट्याने एकेक धागा काढता काढता निम्म्या सुया गेल्या.

तेव्हा सुयांना काहीही टेकू देऊ नका. कापूस तर नकोच, त्याचे तंतू अडकले की सुटत नाहीत. मी आता मिठाईचा पुठ्ठ्याचा डबा नेतो. तळाला दोन भोकं पाडून दगडाचा काळा बूड सुतळीने आवळून बांधतो, सुया मोकळ्या हवेत राहतात. डबा एसटीच्या रॅकवर ठेवायचा नाही, मांडीवर घ्यायचा. कॅल्सेडनीला एवढे लाड लागत नाहीत, अंड्यांचा ट्रे पुरतो.

धुण्याचंही तसंच. कॅल्सेडनी आणि कॅल्साइट साध्या पाण्यात भिजवून मऊ ब्रशने घासले तरी चालतात. सुयांना पाणी नाही, ब्रश नाही, फक्त कॅमेऱ्याची रबरी फुंकणी, तीही लांबून. संडास साफ करायचं अॅसिड वापरायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. कॅल्साइट फसफसून विरघळतं आणि मेसोलाइटही खराब होतं. स्टिल्बाइट, अपोफिलाइट यांच्या घडणीतच पाणी असतं, त्यामुळे त्यांना तापवून वाळवायचं नाही. गच्चीवरचं मे महिन्यातलं ऊन तर नकोच.

चिठ्ठी त्याच रात्री लिहा: गाव, विहीर की खदान, तारीख, कोणत्या दिव्याखाली कोणता रंग. माझ्या त्या मेसोलाइटच्या चिठ्ठीवर आता असं आहे: बदनापूर, अप्पांची विहीर, ३६५ आणि २५४, दोन्हींखाली काही नाही.