जुन्या फोर-बाय-फोरचा स्टिअरिंग पंप बदलताना

माझ्या जुन्या फोर-बाय-फोरचे स्टिअरिंग डांबरी रस्त्यावर कधीच जड लागले नाही. ते अडायचे ते फक्त दगडांत. लो गिअर, दोन्ही पुढची चाके एकाच वेगाने फिरावीत म्हणून पुढचा डिफरन्शिअल लॉक केलेला, टायरमधली हवा 15 पीएसआयपर्यंत उतरवलेली आणि इंजिन मिनिटाला जेमतेम 700 फेऱ्यांवर, अशा अवस्थेत पुढचे चाक एखाद्या खाचेत बसले की हातातले स्टिअरिंग एकाएकी भिंतीला टेकल्यासारखे थांबायचे. मूळच्या 29 इंची टायरांच्या जागी मी 33 इंची टायर बसवले होते आणि तेही बाहेर आलेल्या रुंद रिमवर, त्यामुळे चाक वळवायला जास्त जोर लागणार याची मला कल्पना होती. तेलाच्या दाबाने स्टिअरिंगला मदत करणारा पंप थकला आहे, आता जास्त दाबाचा पंप टाकायचा, असा निष्कर्ष मी परस्पर काढून टाकला. तो अर्धाच बरोबर निघाला.

खरे तर गाडी मला उत्तर केव्हापासून देत होती. अडलेल्या जागी स्टिअरिंग सावकाश फिरवले तर ते कुरकुरत का होईना, वळायचे. घाईने फिरवले की अडायचे. आणि ॲक्सिलरेटर किंचित दाबून इंजिन 1500 फेऱ्यांवर नेले की तेच चाक, त्याच खाचेत, एका हाताने वळायचे. दाब कमी पडत असता तर सावकाश फिरवूनही चाक हलले नसते.

स्टिअरिंग बॉक्समध्ये, म्हणजे स्टिअरिंगचे फिरणे चाकांपर्यंत पोहोचवणाऱ्या पेटीत, एक पिस्टन असतो. त्यावर किती जोर येईल हे तेलाच्या दाबावर ठरते, पण तो पिस्टन किती वेगाने सरकेल हे दर मिनिटाला किती तेल पोहोचते यावर ठरते. आपण स्टिअरिंग ज्या वेगाने फिरवतो त्या वेगाने पिस्टनमागची जागा भरण्याइतके तेल आले नाही, तर मदत तिथल्या तिथे तुटते आणि सगळा भार हातांवर येतो. पंप इंजिनच्या बेल्टवर फिरत असल्याने आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरत असताना, त्याचा प्रवाह सर्वांत कमी असतो आणि दगडांत नेमके आयडलिंगलाच काम असते. इंजिनचा वेग वाढला की प्रवाह एका ठरावीक मर्यादेपर्यंत वाढतो. त्यापुढचे तेल पंपातला फ्लो कंट्रोल व्हॉल्व्ह आतल्या आत परत फिरवतो. म्हणून हायवेवर माझ्या थकलेल्या पंपाचे दुखणे कधी कळलेच नाही.

तरीही सुटा भाग मागवण्यापूर्वी मोजमाप करायचे ठरवले, आणि या सगळ्या खटाटोपात हाच निर्णय सर्वांत शहाणपणाचा ठरला. दाब आणि प्रवाह दोन्ही दाखवणारे, मध्ये बंद करता येणारा व्हॉल्व्ह असलेले उपकरण एका मित्राकडून मागून आणले आणि पंप व बॉक्स यांच्यामधल्या प्रेशर लाइनमध्ये जोडले. व्हॉल्व्ह क्षणभर पूर्ण बंद केल्यावर काटा 88 बारवर गेला. ही चाचणी पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ कधीच करू नये, कारण तेवढ्यात पंप स्वतःलाच भाजून घेतो. व्हॉल्व्ह उघडून स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून धरल्यावरही दाब जवळपास तेवढाच आला. याचा अर्थ पंपाचा दाब शाबूत होता आणि बॉक्सच्या आतली सीलही तेल गळू देत नव्हती. मग व्हॉल्व्ह अर्धवट मिटून 50 बारचा भार दिला: गार तेलावर आयडलिंगला मिनिटाला साडेसहा लिटर प्रवाह मिळाला, आणि तेल चांगले तापल्यावर तोच चार लिटरवर घसरला. तापून पातळ झालेले तेल पंपाच्या झिजलेल्या पात्यांच्या फटींतून मागे निसटत होते.

यानंतर रिलीफ व्हॉल्व्हमागे, म्हणजे दाब मर्यादेपलीकडे गेला की उघडणाऱ्या व्हॉल्व्हमागे, शिम (पातळ चकती) टाकून दाब वाढवण्याचा सल्ला मी बाजूला ठेवला. दाब कमी नव्हताच, आणि इतक्या जुन्या बॉक्सच्या सीलवर विनाकारण जास्त दाब लादणे म्हणजे एक गळती थांबवून दुसरी ओढवून घेणे. मी एका फेरीत जास्त तेल ढकलणारा, टाकी वेगळी असलेला पंप घेतला आणि त्यावर लहान पुली बसवायची ठरवली. इंजिनच्या क्रँकशाफ्टवरची पुली 165 मिमीची आणि पंपाची जुनी पुली 150 मिमीची होती, म्हणजे 700 फेऱ्यांवर पंप 770 फेऱ्या घेई; 133 मिमीच्या पुलीने त्या 868 झाल्या. याहून लहान पुलीचा मोह टाळला, कारण बेल्टची पकड कमी होते आणि इंजिन जोरात फिरताना पंपाचा वेग नको तितका वाढतो.

जुना पंप उतरवणे सोपे होते. खरे काम होते पुलीचे. ही पुली शाफ्टवर दाबून बसवलेली असते. ती काढायला हबच्या कड्याला धरणारा खास पुलर लागतो आणि बसवायला शाफ्टच्या टोकातल्या आट्यांत घुसून पुलीला सरळ ढकलणारा स्क्रू. लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीने बसवण्याचे सल्ले पुष्कळ मिळतात, पण तो प्रत्येक ठोका शाफ्टमधून थेट पाती धरणाऱ्या रोटरवर आणि त्यामागच्या प्लेटवर जातो. स्क्रूने पुली आत सरकताना हाताला एकसारखा, चिवट विरोध जाणवत होता आणि अधूनमधून बारीकसा 'टक' आवाज येत होता. पुलीची कड शाफ्टच्या टोकाशी सपाट आल्यावर मी क्रँकच्या पुलीवरून सरळ पट्टी धरून पाहिली. दोन मिमीचा फरक निघाला, तो पंपाच्या ब्रॅकेटखाली वॉशर घालून भरून काढला. बेल्ट मात्र जवळपास 27 मिमी आखूड घ्यावा लागला.

जुन्या गाडीत नवा पंप बसवणाऱ्याने होजच्या टोकांकडे नीट लक्ष द्यावे. माझ्या जुन्या लाइनचे टोक फ्लेअरचे, म्हणजे कर्ण्यासारखे पसरट होते, तर नव्या पंपाचे तोंड ओ-रिंगचे, म्हणजे रबरी कड्याने बंद होणारे. आटे चुकीचे असूनही पहिले दोन फेर हाताने बसतात, आणि तिथेच माणूस फसतो. मी जुनी लाइन वाकवून जमवण्याऐवजी एका टोकाला फ्लेअर आणि दुसऱ्याला ओ-रिंग असलेली नवी प्रेशर होज बनवून घेतली.

तेल गार करणारा कूलरही याच वेळी परतीच्या लाइनवर, रेडिएटरच्या पुढे बसवला. तो चैनीचा भाग वाटत असेल तर एक हिशोब करून पाहावा: 90 बार दाबावर मिनिटाला आठ लिटर तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून जात असेल, तर जवळपास 1200 वॉट उष्णता तयार होते, म्हणजे बादलीभर पाणी तापवणाऱ्या रॉडइतकी, आणि ती सगळी लिटरभर तेलात उतरते. अडलेले स्टिअरिंग जोर लावून धरून ठेवणारा चालक हेच करत असतो.

तेल भरल्यावर एअर काढताना इंजिन लगेच सुरू करायचे नसते. पुढची चाके घोड्यांवर (जॅक-स्टँडवर) उचलून, इंजिन बंद ठेवून, मी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत पंचवीस वेळा सावकाश फिरवले. टाकीत बुडबुडे येत राहिले, पातळी खाली गेली, तेल पुन्हा भरले. बुडबुडे पूर्ण थांबल्यावरच इंजिन सुरू केले.

आणि तरीही पंप कण्हू लागला. दहा मिनिटांत टाकीतल्या तेलावर दुधाच्या सायीसारखा फेस आला. पुन्हा एअर काढली, क्लॅम्प आवळले, ओ-रिंग तपासली, फरक शून्य. दुसऱ्या दिवशी इंजिन चालू असताना टाकीपासून पंपाकडे जाणारी होज हाताने चाचपली तेव्हा उलगडा झाला. वळणाच्या जागी ती चपटी झाली होती आणि इंजिनचा वेग वाढवला की बोटांखाली आणखी आत ओढली जात होती. घरात पडलेली साधी होज मी 'इथे कुठे दाब असतो' असे म्हणून वापरली होती. दाब नसतो हे खरे, पण ओढ असते. तापल्यावर ती होज मऊ पडून मिटत होती आणि पंपाला तेल मिळत नव्हते. शिवाय परतीचे तेल टाकीत पातळीच्या वरून पडत होते, तेही फेस करत होते. टाकी चार बोटे वर आणि पंपाच्या जवळ घेतली, ओढीला न मिटणारी, तेल सोसणारी रुंद आणि आखूड होज घातली, परतीचे तोंड तेलात बुडेल अशी पातळी ठेवली. कण्हणे त्याच दिवशी बंद झाले.

पुन्हा मोजले तेव्हा तापलेल्या तेलावर, 50 बारच्या भारावर, आयडलिंगला साडेसात लिटर प्रवाह मिळाला. दगडांतली ती खाच आता ॲक्सिलरेटरला पाय न लावता पार होते. रस्त्यावर मात्र स्टिअरिंग नको तितके हलके झाले होते. ताशी 80 च्या वेगाला बोटाच्या धक्क्यानेही गाडी चळायची. पंपासोबत बाहेरच्या तोंडाच्या दोन फिटिंग आल्या होत्या. त्यांतली लहान भोकाची बसवल्यावर कमाल प्रवाह दहा लिटरच्या आसपास आला आणि आयडलिंगचा प्रवाह त्या मर्यादेच्या खालीच असल्याने तो तसाच राहिला.

जुना पंप फेकण्यापूर्वी उघडला. पात्यांच्या कडा गोलसर झाल्या होत्या आणि ती पाती ज्या कड्यात फिरतात त्याच्या आतल्या पृष्ठभागावर, छिन्नीने टाकी लावलेल्या वाटणाच्या पाट्यासारख्या, नखाला लागतील इतक्या खोल लाटा उठल्या होत्या.