तेरावा गट

"सपाटीवर पळते, चढावर मरते," एवढंच तो पोरगा आपल्या इलेक्ट्रिक बाइकबद्दल फोनवर बोलला. इतक्या कमी शब्दांत तक्रार सांगणारं गिऱ्हाईक क्वचित मिळतं. बाकीचे "दादा, काहीतरी होतंय" इथून सुरू करतात आणि नेमकं काय, कधी, असं विचारलं की आपल्याकडेच संशयाने बघतात.

इंदूरला रामबागेत माझं छोटंसं वर्कशॉप आहे. आधी इन्व्हर्टर आणि यूपीएस, मग शहरात ई-रिक्षा वाढल्या तशा त्यांच्या बॅटऱ्या, आणि आता अधूनमधून ही नवी जात: शेतात, नाल्यात, दगडधोंड्यांतून उडवायची इलेक्ट्रिक बाइक. सायकल आणि मोटरसायकल यांच्या मधलं काहीतरी दिसतं. इंजिन नाही, क्लच नाही, गिअर नाही. आपल्याकडे 250 वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी 25 किलोमीटरच्या आतला वेग असेल तरच इलेक्ट्रिक दुचाकी नोंदणीतून सुटते, वजनाचीही अट आहेच. ही त्याच्या कितीतरी पट ताकदीची, आणि रस्त्यासाठी मंजुरी घेतलेलीच नाही, म्हणजे नंबर मिळायचा प्रश्न नाही. रस्त्यावर आणायचीच नाही. त्यामुळे ती माझ्याकडे आली छोट्या हत्तीत, दोराने आवळलेली, आणि मडगार्डखाली वाळून दगड झालेली काळी माती घेऊन.

आधी दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. एकाने थ्रॉटल, म्हणजे हँडलवरचा अॅक्सिलरेटर, बदलला. दुसऱ्याने बॅटरी "चेक केली, एकदम ओके" म्हणून कंट्रोलर बदलला. कंट्रोलर म्हणजे बॅटरीतली वीज मोटरला हवी तशी मापून देणारा डबा, आणि तो स्वस्त नसतो. पैसे गेले, दुखणं तिथंच.

मी त्याला दोनच गोष्टी विचारल्या. बंद पडल्यावर चावी बंद-चालू केली की लगेच चालू होते का? होते. पूर्ण चार्ज असताना तोच चढ चढते का? त्याने डोकं खाजवलं. "चढते, दादा. सकाळी पहिल्यांदा चढते. नंतर नाही."

मग कंट्रोलरचा काय संबंध? कंट्रोलरला सकाळ-दुपार कळत नाही.

बॅटरी 72 व्होल्टची. अशा बॅटरीत एकामागोमाग जोडलेले वीस गट असतात. प्रत्येक गट साधारण 3.6 व्होल्टचा, पूर्ण भरला की 4.2 च्या आसपास, म्हणजे सगळ्यांचे मिळून 84. हिच्या प्रत्येक गटात नऊ सेल शेजारी-शेजारी जोडलेले होते, म्हणजे एकूण 180 सेल. प्रत्येक सेल 21 मिलिमीटर जाड आणि 70 मिलिमीटर उंच. या सगळ्यांवर नजर ठेवायला एक सर्किट असतं, त्याला बीएमएस म्हणतात. वीसपैकी एक जरी गट ठरलेल्या मर्यादेखाली गेला, तरी ते मोटरचा पुरवठा तोडतं. उरलेले एकोणीस ठणठणीत असले तरी.

मोबाइलला ब्लूटूथने जोडून मी गटांचे आकडे पाहिले. पूर्ण चार्ज होती. सगळे 4.17, 4.18. अगदी शाळेच्या रांगेत उभे केल्यासारखे. आधीच्या माणसाने हेच पाहून "ओके" म्हटलं असणार. पण भरलेल्या बॅटरीत सगळे गट सारखे दिसतातच, कारण चार्जिंगच्या शेवटी बीएमएस स्वतःच त्यांना एका पातळीवर आणून ठेवतं. तपासायचं ते अर्ध्यावर आणि ओझं टाकून.

ओझं टाकायला माझ्या गल्लीत चढ कुठला? म्हणून त्यांच्या शेतावर जायचं ठरलं. खंडवा रोडने तेजाजी नगर, सिमरोल, मग घाट. इथं माळव्याचं पठार संपतं आणि जमीन नर्मदेकडे उतरायला लागते. चोरलच्या अलीकडे त्यांची जमीन आहे, निम्मी सपाट, निम्मी उतारावर. सोयाबीन नुकतंच निघालेलं, जमीन अजून ओलसर. गाडी खाली उतरवताना त्याचे वडीलही आले. "तुम्ही एकदाचा निकाल लावा हो, नाहीतर मी भंगारात देतो," म्हणाले. काका तसं काहीही करणार नव्हते. मगाशी टेम्पोत दोर त्यांनीच तपासून पाहिले होते.

काळ्या मातीबद्दल एक सांगायला हवं. ही माती बसाल्टची. पाणी प्याली की फुगते, सुकली की भेगा पडतात, आणि मधल्या अवस्थेत, म्हणजे ओलसर असताना, चाकाला अशी चिकटते की मडगार्ड आणि टायर यांच्यातली फट भरून चाकच जाम होतं. ही गाडी विकणारे सांगतात, ऑइल नाही, फिल्टर नाही, मेंटेनन्स शून्य. ऑइल आणि फिल्टर नाहीत, हे कबूल. पण चेन आहे, बेअरिंगं आहेत, सस्पेन्शनचे सांधे आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी ही माती शिरते. वर इंजिनचा ब्रेक नाही, त्यामुळे उतारावर सगळा भार ब्रेकपॅडवर. हिचे मागचे पॅड लोखंडाला टेकायला आले होते, आणि पोराला त्याचा पत्ता नव्हता.

मोबाइल हँडलला बांधला, स्क्रीन रेकॉर्डिंग लावलं आणि त्याला सांगितलं, अर्धी होईपर्यंत सपाटीवर फिरव. तो गेला. या गाडीचा आवाज म्हणजे चेनची किरकिर आणि मोटरची बारीक शीळ. बांधापलीकडे दोन रोजडे, म्हणजे नीलगाई, चरत होते, त्यांनी मानही वर केली नाही. गंमत वाटते, पण हेच माणसाच्या बाबतीत धोक्याचं आहे. मागून गाडी येतेय हे शेतात काम करणाऱ्या बाईला कळणार कसं?

मीटर अर्ध्यावर आल्यावर चढ. दगडी पायवाट, मध्ये एक नाला ओलांडून वर. निम्म्यात गेला, पूर्ण थ्रॉटल दिला आणि गाडी मेली. चावी फिरवली, परत चालू. दहा हात गेली, परत मेली. मी आणि काका खालून बघत होतो. काका म्हणाले, "बघा, नाटकं."

सावलीत बसून रेकॉर्डिंग थांबवत-थांबवत पाहिलं. उभी असताना एकोणीस गट 3.68 वर, तेरावा 3.52 वर. चढावर साधारण 100 अँपिअर ओढले गेले तेव्हा बाकीचे 3.38 ला टेकले. तेरावा मात्र झरझर उतरत 2.79. मर्यादा 2.8 ची. तिथंच पुरवठा तुटला. एकूण व्होल्टेज त्या क्षणी 67, म्हणजे डिस्प्लेवर सगळं छान. थ्रॉटल सुटल्यावर दोन-चार सेकंदांत तेरावा पुन्हा साडेतीनच्या घरात, म्हणून चावी फिरवली की गाडी चालू.

रोग गटाचा, हे कळलं. पण सेल जुने होऊन दमले असते तर सगळेच थोडेथोडे दमले असते. एकच गट एवढा खचतो तेव्हा बहुतेक वेळा त्यातले काही सेल कामातूनच बाहेर पडलेले असतात. नऊऐवजी सहाच जण ओढत असतील, तर प्रत्येकावर 11 च्या जागी जवळपास 17 अँपिअर येतात. आणि बाकीचे गट अर्धे रिकामे होतात तेव्हा हा पाऊण रिकामा झालेला असतो. आकडे तेच सांगत होते.

दुपारी रामबागेत परत येऊन बॅटरी उघडायला घेतली. बॅटरीची पेटी गाडीतून ओढून काढतानाच खालच्या बाजूला अॅल्युमिनियम घासून चकचकीत झालेलं दिसलं, रुपयाएवढा पट्टा, आणि त्यावर करडी पावडर. खालचे रबरी पॅड झिजून चपटे झालेले. त्यांच्या आणि पेटीच्या मध्ये वाळलेल्या मातीचा थर, हाताला सॅंडपेपरसारखा. म्हणजे दर उडीला ती पंधराएक किलोंची पेटी आत दोन-तीन मिलिमीटर आपटत होती.

उघडण्याआधी अंगठी, घड्याळ, गळ्यातली साखळी सगळं काढलं, हातमोजे घातले, पान्यांना टेप गुंडाळली. 72 व्होल्टचा हा डीसी झटका गंमत नाही, आणि पान्याने शॉर्ट झाला तर पाना वितळतो. वाळूची बादली आणि पाण्याचा नळीपाइप जवळ ठेवला, टेबल ओढून दाराशी आणलं. पोराला म्हटलं, तू बाहेर ओट्यावर बस. तो दारात उभा राहिला.

तेराव्या गटातले सेल एकमेकांना जोडणारी निकेलची पट्टी एका कडेला फाटली होती. तीन सेलवरचे वेल्डिंगचे टाके निघालेले, पट्टीचं टोक वर उचललेलं. सुटलेले तिन्ही सेल एकेक करून मोजले: 4.06, 4.06, 4.06. शेजारचे सहा 3.52. हे तीन सेल म्हणजे बंद पडलेलं घड्याळच. बॅटरी जवळजवळ भरलेली असताना, सकाळच्या पहिल्याच फेरीत कुठल्यातरी उडीला पट्टी तुटली, आणि त्या क्षणीचं व्होल्टेज घेऊन ते तसेच बसून राहिले. त्यानंतर ना चार्ज झाले, ना खर्च.

खरा घाम त्यापुढे फुटला. पट्टीचं ते उचललेलं टोक हलून-हलून शेजारच्या सेलच्या वरच्या कागदी रिंगेत घुसलं होतं. सेलचं अख्खं पत्र्याचं अंग ऋण असतं, धन टोक फक्त वरची मधली टोपी, आणि दोघांच्या मध्ये काय तर ती रिंग आणि नखाएवढं प्लास्टिक. भिंगातून पाहिलं. रिंग अर्धी कापलेली, कडेला तपकिरी डाग. अजून काही उड्या झाल्या असत्या तर टोक पत्र्याला टेकलं असतं, आणि गटातल्या बाकीच्या सेलनी आपली सगळी वीज त्या एका जागी ओतली असती. ही बॅटरी त्यांच्या घरी जिन्याखाली चार्जिंगला लागायची.

मी पोराला आत बोलावून भिंग त्याच्या हातात दिलं. त्याने पाहिलं, काही बोलला नाही. अर्ध्या तासाने त्याची आई आली. त्याने फोन केला असावा. काकूंनी भिंगाला हातही लावला नाही. सरळ विचारलं, "घरात ठेवायची की नाही, एवढं सांगा."

"जिन्याखाली नाही, काकू. पेटली तर तुम्ही उतरणार कुठून? पोर्चमध्ये, भिंतीला लागून, आजूबाजूला काही नको. आणि सगळे झोपल्यावर चार्जिंग नको."

"आणि हा फिरवून आला की लगेच लावतो ते?"

"गरम असताना नाही. तासभर थंड होऊ द्यायची." आपल्याकडे मे महिन्यात दुपारी 42-43 अंश सहज होतं, पण माळव्यातली रात्र गार पडते. संध्याकाळ उलटल्यावर, जेवणाच्या वेळेला लावायची, झोपायच्या आत काढायची. चार-सहा आठवडे चालवायची नसेल तर निम्मी भरून ठेवायची, पूर्ण नाही. काकूंनी हे सगळं मोबाइलमध्ये लिहून घेतलं. गाडी त्यांची नव्हती, पण नियम आता त्यांचे झाले होते.

जोडताना एक फार मोठा सापळा असतो. 4.06 चे सेल 3.52 च्या गटाला सरळ टाका मारून जोडले, तर त्यांच्यातून गटाकडे एकदम प्रचंड करंट धावतो. आधी करंटला आवर घालणारा रेझिस्टर मध्ये घालून दोघांना हळूहळू एका पातळीवर आणावं लागतं. ते रात्रभर चाललं. दरम्यान शुद्ध निकेलची पट्टी शोधली. बाजारात निकेल म्हणून बऱ्याचदा लोखंडावर मुलामा दिलेली पट्टी मिळते, तिचा रोध जास्त. ओळखायची सोपी रीत म्हणजे ग्राइंडरला लावायची. लोखंड असेल तर ठिणग्यांचा फवारा उडतो, शुद्ध निकेल जवळजवळ गप्प राहतं. गटाची वरची पट्टी सगळीच बदलली, कापलेल्या रिंगा नव्या बसवल्या, बाकीचे एकोणीस गटही टाका-टाका करून तपासले. पेटीखाली नवे जाड रबर, चारही बाजूंनी फोम, पेटी हातानेही हलणार नाही इतका घट्ट.

धुण्याबद्दल मात्र त्याच्याशी वाद झाला. तो कार वॉशच्या प्रेशर पाइपने धुवायचा. "दादा, आयपी 67 आहे ना!" मी म्हटलं, 67 चा अर्थ एक मीटर खोल शांत पाण्यात अर्धा तास राहिली तरी आत पाणी शिरत नाही, एवढाच. तोंडावर मारलेल्या फवाऱ्याचं त्यात काही लिहिलेलं नाही. साधी बादली, ब्रश, आणि माती ओली असतानाच. त्याला ते फार पटलेलं दिसलं नाही.

पुढच्या रविवारी मीटर तीस टक्क्यांवर असताना तो चढ चढला. रेकॉर्डिंग पाठवलं, तेरावा बाकीच्यांच्या बरोबरीने. काका बिल बघून म्हणाले, "तीन टाक्यांचे एवढे?" मी म्हटलं, टाक्यांचे नाहीत, 180 सेल बघितल्याचे आहेत. त्यांनी शंभर रुपये कमी करून घेतलेच.

त्यांचा जुना कंट्रोलर, जो कधी बिघडलाच नव्हता, तो माझ्या कपाटात पडला आहे. ई-रिक्षाला चालत नाही, तिची बॅटरी 48 व्होल्टची. कुणाकडे 72 व्होल्टची गाडी असेल आणि कंट्रोलर खरोखरच गेला असेल, तर घेऊन जा. आधी बॅटरी अर्ध्यावर मोजून या.