विहिरीची वाट

मी सेशन कोर्टात सरकारी वकील आहे. धोकादायक आरोपींना जामीनच मिळू नये, कायदा कडक करा, असं म्हणणारे भेटतात; पण आधी कोर्टात काय चालतं ते बघा. जामिनाच्या अर्जावर पोलिसांचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं, येतो, त्याचा शेवटचा परिच्छेद ठरलेला: 'आरोपीस जामीन दिल्यास तो फरार होईल, फिर्यादी व साक्षीदारांवर दबाव आणेल, पुन्हा असाच गुन्हा करेल.' मोबाइलचोर असो की कोयतेवाला, मजकूर तोच. कधी कधी मागच्याच आरोपीचं नाव तसंच राहिलेलं असतं. जजसाहेब तो भाग वाचत नाहीत आणि त्यांना दोषही देता येत नाही.

त्या दिवशीचं प्रकरण बांधावरच्या भांडणाचं. चुलत दिराने भावजयीवर कोयता चालवला होता. दोषारोपपत्र दाखल, कोयता जप्त, आरोपीवर आधीचा गुन्हा नाही, घरची बागायत. असा माणूस पळून जाणार कुठे? त्याच्या वकिलांनी नेमकं तेवढंच मांडलं. मी तपास अंमलदाराला बाजूला घेऊन विचारलं, "दबाव आणेल म्हणजे नेमकं काय करेल?" तो म्हणाला, "मॅडम, से दिलाय ना."

फिर्यादी मागच्या बाकावर बसली होती. जामिनाच्या सुनावणीतही पीडिताचं म्हणणं ऐकलं पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये लखीमपूर खेरी प्रकरणात स्पष्ट केलंय. आमच्याकडे अजून तो रिवाज पडलेला नाही. मी विनंती केल्यावर साहेबांनी तिला पुढे बोलावलं. मनगटापासून कोपरापर्यंत टाक्यांचा वळ. साक्षच द्यायचीय असं समजून ती आधी शपथेची वाट बघत राहिली, मग म्हणाली, "साहेब, विहिरीची वाट त्याच्या गोठ्यावरनं जाती. दुसरी वाट न्हाई."

चार पानी से मध्ये ही वाट कुठेच नव्हती.

जामीन झाला, आणि व्हायलाच हवा होता. फिर्यादीची साक्ष होईपर्यंत गावात पाऊल ठेवायचं नाही, या अटीवर. वकिलांनी पिकाचं काय म्हणून विचारलं. साहेब म्हणाले, "भाऊ आहे ना?"

अमेरिकेत 1984 च्या कायद्यानुसार संघीय न्यायालयं इतरांच्या सुरक्षिततेला धोका म्हणून जामीन नाकारू शकतात. पण तिथे आरोपीची माहिती काढून कोर्टापुढे ठेवायला वेगळे अधिकारी असतात. आपल्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही, जामिनावर अटी घालायला भरपूर वाव आहे. धोका कुणाला आणि कुठे, हे सांगणारंच कुणी नसतं. आधी ती सोय करा, मग खुशाल कायदा कडक करा.

त्या दिराचा जामीनदार तासाभरात सातबारा घेऊन हजर. त्याच यादीत ट्रॅक्टरची बॅटरी चोरल्याचा एक आरोपी होता; जामीन मंजूर होऊन महिना उलटला तरी जामीनदार मिळेना म्हणून आतच. अशांच्या अटी शिथिल करण्याचा विचार कोर्टाने आपणहून करावा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगितलंय. लोकअभिरक्षकांनी, म्हणजे गरीब आरोपींना मोफत मिळणाऱ्या वकिलांनी, त्याला जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सोडण्याचा अर्ज दिला होता. मी त्यावर 'हरकत नाही' लिहून सही केली.