घडी घातलेला डाव

बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलाचं दप्तर ओळखायला फार हुशारी लागत नाही. कंपासपेटीच्या झाकणाखाली, भूगोलाच्या वहीत, नाहीतर डब्याच्या कप्प्यात चार घड्या घातलेला एक कागद सापडतो. त्यावर भाजीच्या तेलाचा डाग असतोच. ही स्कोअरशीट, डावातली प्रत्येक खेळी लिहायचा कागद. वरची प्रत आर्बिटरकडे, म्हणजे पंचाकडे, जमा होते, कारण नियमाने ती आयोजकांची. खेळाडूच्या वाट्याला येते ती खालची, कार्बनवर उमटलेली फिकट प्रत. अख्खा शनिवार-रविवार अशा दोन-चार कागदांत मावतो, आणि सोमवारी सकाळी सातच्या शाळेत तो पुस्तकांखाली दबून जातो.

स्पर्धेच्या हॉलबाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून, थर्मासमधला चहा ओतता ओतता पालकांची जी परिषद भरते, तिचा विषय ठरलेला : खेळ किती तास, अभ्यास किती तास. कुणी दोन म्हणतं, कुणी चार, आणि चार म्हणणाऱ्याकडे बाकीचे आदराने बघतात. मोजायचंच असेल तर तो कागद किती दिवसांनी उघडला ते मोजावं. त्याच रात्री उघडला तर मुलगा बुद्धिबळ शिकतोय. उन्हाळ्यात रद्दी काढताना सापडला तर तो नुसता स्पर्धांना जाऊन येतोय.

तासांचा हिशोब तसा सोपा आहे, फक्त आधी कुणी करत नाही. क्लासिकल, म्हणजे लांब चालणाऱ्या, डावात बहुतेक वेळा प्रत्येकाला ९० मिनिटं आणि दर खेळीला ३० सेकंद वाढीव असतात. ४० खेळ्या झाल्या तर एकेकाची ११० मिनिटं, दोघांची मिळून ३ तास ४० मिनिटं. ६० खेळ्यांना चार तास. दिवसाला दोन राउंड म्हणजे आठ तास एका खुर्चीत, तीही बऱ्याचदा मंगल कार्यालयाची, टेबलापेक्षा चार बोटं बुटकी. नऊ राउंडची स्पर्धा पाच दिवसांत बसवायची तर शनिवार-रविवार धरूनही शाळेचे तीन दिवस जातात. पहिला राउंड लांबला की दुसऱ्याआधी जेमतेम अर्धा तास उरतो. तेवढ्यात मिसळ हाणून आलेला मुलगा पंधराव्या खेळीला जांभया देतो. दहीभात, केळं, चिक्की, पाणी यापलीकडे त्या अर्ध्या तासात पोटाचे लाड करू नयेत. मिसळ संध्याकाळी आहेच, जिंकलं तरी आणि हरलं तरी.

स्कोअरशीट वाचायची कशी, हे मात्र कुणी शिकवत नाही. नवशिक्याच्या कागदावर पहिली गंमत अक्षरांची. मोहऱ्याच्या इंग्रजी नावाचं पहिलं अक्षर लिहायचं असतं. 'के' राजाने आधीच घेतल्यामुळे घोड्याच्या वाट्याला 'एन' आलं, पण घाईत मुलं नाइटला 'के' लिहितात आणि घरी डाव मांडताना राजा अडीच घरं उडी मारतो. काळी मोहरी घेतलेल्यांची चूक वेगळी. त्यांच्या बाजूने पट उलटा दिसतो, म्हणून 'बी' स्तंभाचा 'जी' होतो आणि चौथी ओळ पाचवी होते. पटावरच्या कडेची अक्षरं लिहिताना एकदा बघायची सवय लावली की हे थांबतं. आणि खेळी आधी करायची, मग लिहायची. आधी लिहून ठेवून विचार करणं नियमात बसत नाही, आर्बिटर येऊन टोकतो आणि लक्ष विस्कटतं ते वेगळंच.

खरी माहिती असते समासात. दर पाच खेळ्यांनी आपल्या घड्याळात उरलेली मिनिटं तिथे लिहायची. पंधराव्या खेळीला ४० मिनिटं उरली असतील तर वाढीव साडेसात धरून साडेसत्तावन्न मिनिटं गेली, आणि तीही बहुधा पाठ असलेल्या ओपनिंगवर, म्हणजे सुरुवातीच्या ठरलेल्या खेळ्यांवर, आठवत नसल्याचं कबूल न करता. पुढे तिसाव्या खेळीपाशी अक्षर मोडायला लागतं. ३० सेकंदांची वाढ असेल तर शेवटच्या पाच मिनिटांतही लिहिणं सुटत नाही, त्यामुळे टाइम ट्रबल, म्हणजे घड्याळ संपत आल्याची घाई, कागदावर जसाच्या तसा उमटतो : रेषेखाली घसरलेले आकडे, खोडलेला वजीर, मध्येच रिकामी राहिलेली ओळ. एकेका शीटवर तर दुसऱ्या राउंडचा थकवा पहिल्या दहा खेळ्यांतच दिसतो.

या कागदाला चाळीस मिनिटं पुरतात. पहिली पंधरा मिनिटं पट मांडून, संगणक बंद ठेवून, तेव्हा डोक्यात काय होतं ते पेन्सिलीने लिहायचं. पुढची वीस मिनिटं डाव पहिल्यांदा कुठे कलला ते शोधण्यात. ती जागा मोहरा गेला तिथे क्वचितच असते, त्याच्या चार-पाच खेळ्या आधी असते. इंजिन, म्हणजे डाव तपासणारा संगणकाचा प्रोग्रॅम, शेवटच्या पाच मिनिटांत, उत्तरपत्रिका तपासायला. ते सुरुवातीलाच लावलं की कोण किती पुढे ते सांगणारा, उणे तीन असा आकडा मिळतो आणि मूल 'हां, कळलं' म्हणून उठतं. कळलेलं काही नसतं. अखेरीस वहीत एकच ओळ लिहायची : 'घाई', 'ओपनिंग विसरले', 'समोरच्याची खेळी पाहिलीच नाही'. दहा डावांनंतर ओळी मोजल्या की तिसऱ्या प्रकारच्या बहुधा सगळ्यात जास्त निघतात, आणि हजारो रुपयांचा ओपनिंगचा कोर्स घ्यायचा होता तो राहून जातो.

रात्रीच्या जेवणानंतरची ही चाळीस मिनिटं नेमकी कोण पळवतं, ते घराघरात ठाऊक आहे. मोबाइलवरचा बुलेट, म्हणजे प्रत्येकाला एकच मिनिट असलेला डाव. 'एकच डाव' म्हणून अकराला सुरू होतो, आणि हरल्याशिवाय थांबता येत नाही, हरल्यावर तर मुळीच नाही. सलग दोन हार झाल्या की फोन खाली, हा नियम बऱ्यापैकी चालतो. खेळायचंच तर तीन मिनिटं आणि दोन सेकंद वाढीव असा डाव बरा. बुलेटमध्ये बोटं शिकतात. सकाळी पहिल्या तासाला बीजगणित असताना बोटांचा काही उपयोग नसतो.

'गुकेश बघ' म्हणणारे नातेवाईक हा आणखी एक विषय. डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला गुकेश अठराव्या वर्षी जगज्जेता झाला हे खरं, पण त्याने चौथीनंतर पूर्णवेळ शाळा सोडली होती. त्याने खेळ आणि शाळा दोन्हींचा मेळ घातला नाही, एक बाजू निवडली. नववीतल्या मुलीला त्याचं उदाहरण देणाऱ्या काकांनी ते अर्धंच दिलेलं असतं.

तिला खरं सांगायला हवं ते रेटिंगचं, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणाऱ्या आकड्याचं, गणित. फिडेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या, हिशोबात २३०० च्या आत रेटिंग असलेल्या १८ वर्षांखालच्यांचा गुणक (एका डावाने रेटिंग किती हलतं ते ठरवणारा आकडा) ४० असतो. १७०० रेटिंगची मुलगी १५०० च्या खेळाडूशी हरली तर सुमारे ३० गुण जातात, जिंकली तर जेमतेम १० मिळतात. घटक चाचणीच्या आदल्या आठवड्यात झोप अर्धवट ठेवून खेळलेला एक डाव तीन विजय खातो. तो शनिवार सिंहगडावर घालवला तरी फायद्याचा. दहावीच्या वर्षाचंही तसंच. रोज वीस मिनिटं कोडी, आठवड्याला एक डाव, आणि मंडळाची परीक्षा संपेपर्यंत स्पर्धा बंद. वर्षभर रेटेड डाव झाला नाही तर यादीत नावापुढे निष्क्रियतेची खूण येते, रेटिंग तिथेच राहतं. शालेय स्पर्धांची प्रमाणपत्रं मात्र क्रीडा सवलतीच्या गुणांसाठी लागू शकतात, म्हणून घरोघरी ती लॅमिनेट करून ठेवलेली असतात. त्याच कपाटात स्कोअरशीटला जागा नसते.

कार्बनची अक्षरं दप्तरात आठवडाभरात पुसट होतात, घडीवरची ओळ सगळ्यात आधी. म्हणून रविवारी रात्री फोटो, नाहीतर वहीत नक्कल. तरीही एखादी खेळी लागतच नाही : एकतिसावी, खोडलेली, हत्ती 'डी' वर गेला की 'ई' वर? पुढच्या चार खेळ्या दोन्हीकडून जुळतात आणि पाचव्याला उंट हवेत लटकतो. मग उपाय एकच, समोरच्याची प्रत. तो औंधला राहतो, आठवीत आहे, आणि त्याचीही प्रत त्याच्या दप्तरात, डब्याखाली, चार घड्या घालून पडलेली आहे.