लेंडी ओढा

बुधवार, रात्री उशिरा

एकच शब्द सकाळपासून डोक्यात घोळतोय. क्योटेलबेके. जर्मनीतल्या रूर या कोळशाच्या खाणपट्ट्यातले लोक एम्शर नदीला नि तिला मिळणाऱ्या ओढ्यांना असं म्हणत. क्योटेल म्हणजे लेंडी, बेके म्हणजे ओढा. आपल्याकडेही लेंडी नाले आहेतच, म्हणून जास्त लागलं.

नदीने काय केलं होतं कुणाचं? होल्त्सविकेडेला उगम, डिन्सलाकेनला ऱ्हाईनमध्ये विसर्जन, सारी मिळून साधारण 83 किलोमीटर. उतार अगदी कमी, म्हणून वळणं, दलदल, दलदलीत रानघोडी. मग कोळसा आला. खालचा कोळसा काढला की वरची जमीन खचते. पुरलेल्या गटाराचे सांधे निखळतात, उतार उलटा होतो, मैला तुंबतो. 1899 मध्ये गावं, खाणी, कारखाने यांनी मिळून संस्था काढली आणि नदीलाच उघडं गटार केलं: सरळ केली, खोल केली, तळाला काँक्रीटच्या फरश्या. फरशी तडकली तर दिसते, बदलता येते. जमीन खचतच राहिली, तेव्हा 1910 आणि 1949 मध्ये नदीचं मुखच ऱ्हाईनवर आणखी खाली नेलं.

राग तरी कुणावर काढायचा? 1901 मध्ये गेल्झेनकिर्शेनला विषमज्वराची साथ आली होती. मैला वाहून जायलाच हवा होता. त्यांचा हिशेब चुकला नव्हता. पण घाण माणसांची आणि नाव नदीला? लेंडी तिची नव्हती.

खाणी उत्तरेला सरकल्या, जमीन स्थिरावली, तेव्हा कुठे मैल्याचे नळ जमिनीखाली पुरता आले. 1992 पासून काम. मुख्य नळ 51 किलोमीटर, किलोमीटरला दीड मीटर उतार. त्याहून कमी ठेवला तर गाळ बसतो. त्यामुळे नळ 8 मीटरपासून 40 मीटरपर्यंत खोल जातो, आणि वाटेत तीन ठिकाणी पंपांनी मैला वर उचलावा लागतो. 2021 संपता संपता नदीतला मैला बंद झाला.

नाव राहील. राहू दे.

बोये या उपनदीच्या वरच्या अंगाला ग्रोपे नावाचा बोटभर मासा एवढं सगळं होऊन तगला होता. त्याला पोहता जेमतेम येतं, वीतभर पायरीही चढवत नाही. म्हणून तळातली प्रत्येक पायरी फोडावी लागते, आणि दगड टाकायचे ते खाली पोकळी राहील असे. मादी अंडी दगडाच्या खालच्या अंगाला चिकटवते.