कुळे स्टेशन आणि आजीची ट्रंक

वास्कोहून सकाळी निघालेली पॅसेंजर कुळ्याला संपते. मडगावपर्यंत पाय ठेवायला जागा नसते, सावर्डे गेलं की डबा ओस पडतो. त्या दिवशी उरले होते ते बहुतेक दूधसागरवाले. गाडी थांबताच सगळे जीपकडे पळाले. मला मात्र स्टेशनच बघायचं होतं.

आजी बेळगावची. १९५२ साली लग्न होऊन सावर्ड्याला आली ती याच लोहमार्गाने. कॅसलरॉकला भारताची जकात, घाट उतरला की कुळ्याला पोर्तुगिजांची. तिची ट्रंक भर फलाटावर उघडायला लावली, घडीची लुगडी एकेक करून बाहेर काढली. तळाशी तिच्या आईने ठेवलेला लाडवांचा डबा होता, तोही उघडून पाहिला. पुढे १९५५ मध्ये सरहद्दीपलीकडची गाडीच बंद पडली. माहेर सव्वाशे किलोमीटरच्या आत, पण गोवा मुक्त होईपर्यंत, म्हणजे सहा वर्षं, तिला आई दिसली नाही.

हा लोहमार्ग आला १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारातून. मुरगाव बंदर ब्रिटिश मुलखाला जोडायचं होतं. १८८० च्या दशकात रूळ पडले, तेही मीटर गेजचे, आणि १९९० च्या दशकात ते ब्रॉड गेज झाले. एवढ्या मोठ्या राजकारणातलं हे स्टेशन, पण अंगाने आपल्या गोव्याच्या घरासारखं आहे: बैठं, उतरत्या कौलांचं. मला तेच आवडलं. इथला पाऊस ज्यांना ठाऊक आहे ते छप्पर असंच उतरतं करणार. भिंतीच्या कोपऱ्यात गिलावा उडाला होता, आत तांबडा चिरा. बोट फिरवलं तर छिद्रांतली लाल माती नखाला लागली. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, वाऱ्याउन्हाने घट्ट होत जातो. आमच्या सावर्ड्याच्या घराच्या भिंतीही त्याच दगडाच्या.

इथून पुढे घाट. दर सदतीस फुटांना एक फूट चढ, म्हणून कुळ्याला गाडीला जादा इंजिनं जोडतात. मी बाकावर बसलो असताना एक मालगाडी अशीच निघाली. आधी मागच्या इंजिनांचा घुमारा आला, मग पायाखालची फरशी थरथरली. डबे इतके हळू सरकत होते की मोजता आले असते. ती वळणाआड गेल्यावरही आवाज बराच वेळ रानातून येत राहिला.

या लोहमार्गाच्या दुहेरीकरणाचं काम गाजतंय. चांदरला २०२० मध्ये लोक रात्रभर रुळांवर उतरले होते. कोळशाची वाहतूक नको, जुन्या घरांना हादरे नकोत, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. स्टेशनांच्या जुन्या इमारतींबद्दल मात्र कोणी बोलत नाही. त्याही राहायला हव्यात.

आजीला व्हिडिओ कॉल लावला. फोन फिरवत फलाट दाखवला.

"थांब, थांब," ती म्हणाली. "छपराखाली घे. हां, तिथेच. वळवाचा पाऊस होता, लुगडी भिजू नयेत म्हणून मी ट्रंक आत ओढली होती."

मग जरा वेळाने, "सगळं बदललं रे. पण कौलं तशीच उतरती आहेत."