मॅक्रो अपडेट: राउटरचा बोर्ड, मोबाईलची स्क्रीन आणि सोल्डरची चमक

मंडळी, बऱ्याच दिवसांनी माझ्या मॅक्रोचं (बारीक वस्तूंचे अगदी जवळून काढलेले फोटो) अपडेट टाकतोय. सेटअप तोच, जुनी ५० एमएम मॅन्युअल लेन्स रिव्हर्स रिंगने उलटी लावलेली, मागे एक्सटेन्शन ट्यूब (लेन्स कॅमेऱ्यापासून लांब नेणारी पोकळ नळी), साधारण २:१ मिळतं, म्हणजे सेन्सरवर वस्तू खऱ्या आकाराच्या दुप्पट उमटते. सध्या किडेमकोडे बंद, बिघडलेला राउटर उघडून त्याचा बोर्ड शूट करतोय. हे बरंय, निदान उडून तरी जात नाही.

बोर्डवर ते बारके काळे रेझिस्टर असतात बघा, १०३ वगैरे छापलेले (१० वर तीन शून्यं, म्हणजे १० हजार ओहम). लांबी जेमतेम १.६ मिमी आणि जाडी अर्धा मिमीसुद्धा नाही, तरी एका फ्रेममध्ये फोकसमध्ये मावत नाही, कारण २:१ ला डेप्थ (फोकसमध्ये राहणारी खोली) पाव मिमीच्या आसपासच मिळते. मग अ‍ॅपर्चर (लेन्समधलं छिद्र) अजून बंद करावं म्हटलं तर डिफ्रॅक्शन (छिद्र लहान झालं की प्रकाश पसरून फोटो मऊ होणं) आडवं येतं, लेन्सवरच्या रिंगवर एफ/८ (आकडा मोठा तेवढं छिद्र लहान) दिसत असलं तरी या मॅग्निफिकेशनला ते प्रत्यक्षात एफ/२४ सारखं वागतं. म्हणून एफ/५.६ वरच थांबतो आणि स्टॅकिंग करतो (फोकस थोडाथोडा सरकवत बरेच फोटो काढून एकत्र जोडतो), पंखा बंद, दोन सेकंदांचा टायमर.

पण खरा वैताग सोल्डरचा, म्हणजे पार्ट बोर्डला जोडणाऱ्या चकचकीत धातूचा. तो आरसाच आहे, रिंग लाइट लावला की प्रत्येक टाक्यात एकेक पांढरी गोल बांगडी उमटते आणि मध्ये आपल्याच लेन्सचं काळं तोंड. आता ट्रेसिंग पेपरची नळी करून बोर्डच्या त्या भागाभोवती उभी करतो, बाहेरून दोन दिवे, एक मुद्दाम मंद, आणि बोर्ड किंचित तिरका. आता रेझिस्टरच्या टोकावर सोल्डर कसा चढत गेलाय ते दिसतं, आणि छापलेल्या आकड्यांच्या खडबडीत कडासुद्धा. माझं मत विचाराल तर २:१ च्या पुढे जायला पैसे घालण्याआधी प्रकाशावर वेळ घाला.

मोबाईलच्या स्क्रीनचे फोटोपण काढले. ओएलईडी आहे (प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो), हिरवे ठिपके बारीक पण संख्येने लाल आणि निळे मिळून होतील तेवढे. पांढरी स्क्रीन दोन फोटोंत कंटाळवाणी होते, त्यापेक्षा काळ्यावर पांढरं अक्षर घ्या, वळणावर काही ठिपके अर्धवटच पेटलेले दिसतात, त्यामुळेच अक्षर लांबून गुळगुळीत वाटतं. ब्राइटनेस फुल्ल ठेवा आणि शटर स्लो, नाहीतर पट्टे येतात.

सीडीचे ट्रॅक मात्र विसरा, दोन ट्रॅकमधलं अंतर १.६ मायक्रॉन, आपल्या सेटअपला फक्त रंग मिळतात.

पुढचा नंबर काचेची खिडकी असलेल्या जुन्या ईप्रॉमचा (एक प्रकारची मेमरी चिप), आतली चिप न फोडता दिसते. त्याला प्रकाश लेन्सच्या दिशेनेच सरळ खाली पडायला हवा, म्हणून ४५ अंशात पातळ काच लावून बघणारे. कोणी केलंय का? साधी काच घेतली तर डबल रिफ्लेक्शन येतं का, तेवढं सांगा.